अक्षरामागे वीस रुपये

मिरजेत मी अकरा तज्ज्ञ केले.
हाडांचे तीन, पोटाचे दोन, एक मेंदूचा,
बाकी बायकामुलांचे.
परिषदेच्या आधी माझ्याकडे यायचे सगळे,
चिटोऱ्यावर मजकूर घेऊन.
मी एवढंच विचारायचो :
अक्षर जाड ठेवू का, सावली कुठल्या बाजूला?

जोडाक्षराचे पैसे वेगळे घेत नव्हतो.
त्यामुळे बरीच वर्षं
अर्धा ज खाऊन टाकला मी. तज्ञ.
स्टेशन रस्त्यापासून ब्राह्मणपुरीपर्यंत
कुणी हटकलं नाही.
मगदूम डॉक्टर तेवढे शिडीखाली उभे राहिले,
म्हणाले, "शिकलगार, एक ज राहिलाय."
तो मी नंतर दाटीवाटीनं बसवला,
एसटीच्या दोघांच्या बाकावर तिसरा बसतो तसा.

त्याच पाटीला आज शिडी लावली.
नोटीस आलीय. पंधरा दिवसांची मुदत.
नोंदलेल्या अर्हतेपलीकडचा शब्द
दर्शनी भागावर असता कामा नये.
"दर्शनी" डॉक्टरांनी दोनदा वाचलं.
त्यांची पदविका आत भिंतीवर आहे अजून.
ती देणाऱ्या संस्थेचं नाव
यादीतून गेलंय,
शुद्धिपत्रकातल्या एका ओळीनं.

एकोणतीस वर्षं पोरं तपासली या माणसानं.
टाळू चाचपण्याआधी
तळहात एकमेकांवर घासून गरम करतात.
हे कुठल्या रकान्यात लिहितात, मला माहीत नाही.

पण रकानाच नको, असंही म्हणवत नाही.
माझ्या अकरांतला एक,
नाव नाही सांगत, पाटी लाल होती.
हृदयरोगतज्ज्ञ. सात अक्षरं, एकशे चाळीस रुपये.
माझा साडू यासीन
ती पाटी वाचून आत गेला,
छातीत कळ घेऊन.
पित्ताची गोळी घेऊन बाहेर आला.
कब्रस्तानातून परतताना
रिक्षा त्याच पाटीवरून गेली.
अक्षरं सुबक होती.
तेव्हा मला कुणी नोटीस दिली नाही.

खरवडायला घेतलं.
पातं घरचंच, आजोबांच्या धारेच्या दुकानातलं.
बा गेला. ल गेला. रो नं वेळ घेतला.
ज्ज्ञ तर निघेचना,
दोनदा भरलेला ना.

आणि मग दिसलं,
निळी पाटी उन्हानं विटलेली,
अक्षरांखालची तेवढीच कोरी निळी.
शब्द गेला होता
आणि आधीपेक्षा ठळक वाचता येत होता.
समोरचा पानवाला हसला,
"काढलंस का लिवलंस?"

डॉक्टर बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवून बघितलं.
"अख्खी पाटी रंगव," म्हणाले,
"उगाच कुणी बोट दाखवायला नको."
मजकूर स्वतःच्या हातानं लिहून दिला :
नाव, एमबीबीएस, नोंदणी क्रमांक,
वेळ सकाळी दहा ते दोन.
क्रमांकाचे आकडे मी तीनदा ताडून बघितले.
नंतर त्यांनीही.

दुपारी म्हैसाळची एक बाई
खांद्यावर तापलेलं पोर टाकून
ओल्या रंगाखाली थांबली.
"ल्हान पोरांचं डॉक्टर ह्येच न्हवं?"
मी शिडीवर, ब्रश दातांत.
उत्तर द्यायचं टळलं.
ती थांबलीही नाही, सरळ आत गेली.

थोड्या वेळानं डॉक्टर तिच्यासोबत फाटकापाशी,
रिक्षावाल्याला मोठ्या दवाखान्याचं नाव सांगत,
चिठ्ठीवर घाईघाईत काही लिहीत.
पोराचा तळवा त्यांच्या मुठीत होता.
असं ते आधीही पाठवत असतील.
बघायला मी वर नव्हतो.

संध्याकाळी हिशेबाला बसलो.
लिहायचा दर मला पाठ आहे.
खरवडायचा
मी कधी ठरवलाच नव्हता.